जखमेवर कोणाचा हात चालेल?

शेजारधर्म : लेखांक ६

बीडहून नगरच्या रस्त्याला लागलं की पाटोद्याच्या पुढे सौताडा येतं. विंचरणा तिथे कड्यावरून खाली उडी घेते आणि थोड्याच वेळात बीड जिल्हा संपून जामखेड लागतं. सरकारी नकाशात जामखेड नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात. पण आष्टी-पाटोद्याकडच्या माणसाला बाजाराला आणि दवाखान्याला जामखेड जवळचं. म्हणून बीड जिल्ह्यातल्या ख्रिस्ती सेवेबद्दल लिहिताना मी ही हद्द मानत नाही.

मागच्या लेखांकात पंडिता रमाबाई दुष्काळातल्या मुलींना मध्य प्रांतातून केडगावला घेऊन आल्या, ते आपण पाहिलं. जामखेडचं काम वेगळ्या वाटेचं. इथे गरजू माणसाला उचलून संस्थेत आणलं नाही, गावातच त्याच्या शेजारी कोणीतरी उभं केलं. ते ‘कोणीतरी’ कोण होतं, यातच या कामाचं मोठेपण आहे.

त्यासाठी आधी लूकच्या शुभवर्तमानातल्या दहाव्या अध्यायाकडे जाऊ. ‘माझा शेजारी कोण?’ असं एका शास्त्र्याने येशूला विचारलं. उत्तरादाखल येशूने गोष्ट सांगितली. यरुशलेमहून यरीहोला उतरणाऱ्या वाटेवर लुटारूंनी एकाला अर्धमेला करून टाकलं. याजक आला, बाजूने निघून गेला. लेवी आला, तोही गेला. मग एक शोमरोनी आला. त्याने जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या, आपल्या जनावरावर बसवून त्याला उतारशाळेत नेलं आणि पुढच्या खर्चाची हमी घेतली.

आपण ही गोष्ट ‘परोपकार करा’ एवढ्यावर मिटवतो. पण ऐकणारे यहुदी होते, आणि यहुदी माणूस शोमरोन्याशी व्यवहार ठेवत नसे. योहानाच्या शुभवर्तमानात विहिरीवरची शोमरोनी बाई येशूला हेच विचारते, की तू यहुदी असून माझ्याकडे पाणी मागतोस कसा? मराठवाड्यातल्या माणसाला हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. गावाचा पाणवठा वेगळा आणि वस्तीचा वेगळा, हे इथल्या कित्येक पिढ्यांनी पाहिलं आहे. म्हणजे येशूने मदत करणाऱ्याच्या जागी नेमका तोच माणूस उभा केला, ज्याचा हात लागलेला चालत नव्हता. ज्याला वाचायचं आहे त्याला तो हात घ्यावा लागतो. मला ही या गोष्टीतली सगळ्यात कठीण अट वाटते.

जामखेडचं काम सुरू केलं ते डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने. दोघेही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेले. लग्नानंतर त्यांनी नगर जिल्ह्यातल्या वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात काम केलं. तेच तेच आजार घेऊन लोक परत परत येतात, आणि त्यातले बहुतेक गावातच टळण्यासारखे असतात, हे त्यांनी तिथे पाहिलं. पुढे अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन दोघं परतले आणि १९७० साली जामखेडला आले. लगोलग दुष्काळ पडला. त्या काळात गावोगाव हपसे बसले, आणि आरोळ्यांनी ते दलित वस्तीत घेण्याचा आग्रह धरला. पाणी हवं असेल तर सगळ्या गावाने तिकडे यावं. शोमरोनी बाईची विहीर इथे हपश्याच्या रूपात आली, असं मला वाटतं.

गावात राहून काम करायला आधी प्रशिक्षित नर्सबाई नेमून पाहिल्या. बाहेरून आलेली बाई परक्या गावात एकटी रमेना, आणि गावही तिच्याशी मोकळं होईना. तेव्हा गावातल्याच बाया निवडायचं ठरलं. त्यातल्या बऱ्याच निरक्षर होत्या, कित्येक दलित होत्या. काही नवऱ्याने टाकलेल्या, काही विधवा. त्या ठरल्या दिवशी जामखेडला येत, शिकत, एका पंगतीत जेवत, एका छपराखाली झोपत. जातीचा पहिला पीळ तिथे सुटला. एरवी हे सुटायला व्याख्यानं पुरत नाहीत.

त्या काय शिकल्या ते जवळून पाहण्यासारखं आहे. बाळाला जुलाब लागले, टाळू खोल गेली, डोळे आत ओढले, तोंड कोरडं पडलं, तर उकळून गार केलेल्या पाण्यात साखर आणि चिमूटभर मीठ घालून चमच्याचमच्याने पाजत राहायचं. जुनी समजूत याच्या उलट होती : जुलाब लागले की पाणी तोडा. बाळंतपणात हात साबणाने धुवायचे, नाळ कापायचं पातं उकळून घ्यायचं, म्हणजे बाळाला धनुर्वात होत नाही. पहिला चीक पिळून टाकायचा नाही, बाळालाच पाजायचा. कातडीवर बधिर चट्टा दिसला तर लपवायचा नाही, कुष्ठरोगाचं औषध सुरू करायचं आणि त्या माणसाला घरातच राहू द्यायचं. यातल्या एकाही गोष्टीला मोठी पदवी लागत नाही. लागतो तो दाराशी येऊ दिलेला माणूस.

आणि दार सहज उघडलं नाही. जिच्या हातचं पाणी चालत नव्हतं, तिलाच सुनेच्या बाळंतपणाला बोलवायचं, हे कोणत्याही वाड्याला जड गेलं असणार. पण अडलेल्या बाईला आणि सुकत चाललेल्या पोराला जात पाहायला वेळ नसतो. एका घरातलं मूल वाचलं की दुसऱ्या घराचा उंबरा नरम होई. १९७१ मध्ये या भागात हजारी १७६ बाळं वर्षाच्या आत दगावत. दोन-अडीच दशकांत तो आकडा तिशीच्या खाली आला.

जगाने दखल घेतली. १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पुस्तकात जामखेडवर प्रकरण आलं, १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९८८ साली इथे शिकलेल्या बायांपैकी मुक्ताबाई पोळ वॉशिंग्टनच्या आंतरराष्ट्रीय सभेत बोलल्या. डॉक्टर सभागृहातल्या झुंबरांसारखे, आपण मात्र पणतीसारख्या, आणि एका पणतीवर दुसरी लावता येते, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. मेबलताई १९९९ मध्ये गेल्या, डॉ. आरोळे २०११ मध्ये. काम चालू आहे.

सौताड्याच्या अलीकडे मात्र माझं मन अडकतं. दिवाळीच्या आगेमागे बीडच्या टोळ्या ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाची उचल अंगावर, मुक्काम फडाजवळच्या कोपीत. पाळी असो की पोटदुखी, खाडा परवडत नाही. २०१९ मध्ये राज्य सरकारच्या समितीसाठी या जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, आणि त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. पांढरं जाणं, कंबर दुखणं यांसारख्या तक्रारींवरही पिशवी काढून टाकण्याचा सल्ला मिळाल्याचं या बायका सांगतात. कुठलं दुखणं गोळ्यांनी जातं आणि कुठल्याला शस्त्रक्रिया लागते, हे सांगणारी ओळखीची बाई त्या वेळी शेजारी नव्हती.

जामखेडची रीत गावाला धरून होती, आणि हे गाव सहा महिने चालतं-फिरतं. तेव्हा शिकलेली बाईही टोळीबरोबर चालली पाहिजे. प्रत्येक टोळीतली एक, तिच्यातलीच कोयता धरणारी, पावसाळ्याच्या चार महिन्यांत शिकवून तयार करता येईल. रक्तदाब मोजणं, गरोदर बाईची धोक्याची लक्षणं ओळखणं, दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायला लावणं, एवढं तिला आलं तरी पुष्कळ. शिकण्याच्या दिवसांची तिची मजुरी मुकादमाने नाही, साखर कारखान्याने भरावी. आष्टी-पाटोद्यातल्या ख्रिस्ती मंडळ्यांकडे प्रार्थनेसाठी जागा आहेत, शिकलेल्या नर्स आहेत, आणि जामखेड हाकेच्या अंतरावर आहे. या पावसाळ्यात एका वस्तीपासून सुरुवात करायला त्यांना कोणाची परवानगी लागत नाही.