ताळेबंदात न दिसणारी ठेव : उद्योगातील नेतृत्व, सौजन्य आणि सहकार्य



या अहवालाच्या अखेरच्या पानांवर लेखापरीक्षकांनी तपासलेला ताळेबंद दिला आहे. वर्षभरात किती देणग्या आल्या, औषधांवर किती खर्च झाला, कोणत्या यंत्रसामग्रीची भर पडली, हे तेथे रुपये-पैशांत वाचावयास मिळेल. निर्धन रुग्णांसाठी १० टक्के खाटा विनामूल्य आणि दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी १० टक्के खाटा सवलतीच्या दरात राखून ठेवणे, हे सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचे कलम ४१ एए आणि त्याखाली मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेली योजना यांनुसार धर्मादाय रुग्णालयांवरील बंधन आहे. ते पाळल्याबद्दल कोणी आमच्या दयाबुद्धीची प्रशंसा केली, तर ती स्वीकारणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. जे कायद्याने देणे आहे, ते देणेच होय.

मग संस्थेच्या नेतृत्वातील सौजन्य नेमके कोठे शोधावे? आमच्या देणगीदारांपैकी पुष्कळजण उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन शहरांतील उद्योजक आहेत. हाताखाली माणसे असणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न केव्हा ना केव्हा पडतोच. दिवाळीचा बोनस, आजारपणात उचल, मुलीच्या लग्नाला मदत, ही सौजन्याची रूढ रूपे आहेत आणि ती मोलाचीही आहेत. तथापि, अनुभवांती आमचे मत असे झाले आहे की सौजन्याची खरी कसोटी निराळी आहे. हाताखालचा मनुष्य वाईट बातमी घेऊन, विशेषतः स्वतःच्या चुकीची बातमी घेऊन, निर्धास्तपणे आपल्यापर्यंत येऊ शकतो की नाही, हीच ती कसोटी होय. हे मत ज्या प्रसंगातून बनले, तो आमच्या प्रशासनास भूषणावह नाही. तरीही देणगीदारांपासून तो लपवून ठेवणे उचित नव्हे, म्हणून येथे देत आहोत.

एका रात्रीचा प्रसंग

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. त्या काळी आमच्याकडे एक नियम होता : काही फुटले, हरवले किंवा चुकले, तर संबंधित कर्मचाऱ्याच्या पगारातून कपात. शिस्त यावी म्हणून हा नियम प्रशासनानेच केला होता. नियम लागू झाल्यावर मोडतोडीच्या वहीतील नोंदी झपाट्याने कमी झाल्या आणि आम्ही समाधान मानले. तापमापके मात्र पूर्वीइतकीच लागत होती, याकडे आमचे लक्ष गेले नाही.

अशा काळात एका रात्री एका तरुण परिचारिकेने मधुमेहाच्या वृद्ध रुग्णास जेवणापूर्वी इन्सुलिन दिले. इन्सुलिनच्या बाटल्या आपल्याकडे दोन प्रकारच्या मिळतात : एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असणाऱ्या आणि १०० युनिट असणाऱ्या. प्रत्येकीची सिरिंज निराळी असते. ४० ची लाल टोपणाची, १०० ची केशरी टोपणाची. त्या रात्री बाटली १०० ची होती आणि हाती आली ती लाल टोपणाची सिरिंज. लिहून दिलेला डोस २० युनिटांचा होता. सिरिंजवरील २० च्या खुणेपर्यंत भरलेले औषध प्रत्यक्षात ५० युनिट होते, म्हणजे अडीच पट.

टोपण कचऱ्याच्या डब्यात टाकताना तिच्या ध्यानात ही गोष्ट आली. खोलीत दुसरे कोणी नव्हते. रुग्ण शांतपणे पडून होता. ती गप्प राहिली असती, तर कोणालाही काही कळले नसते. रात्री झोपेतच त्या वृद्धाच्या रक्तातील साखर उतरत गेली असती आणि पहाटे काय दिसले असते, हे सांगावयास नको. पगारकपातीचा नियम तिला ठाऊक होता. तरीही ती धावत डॉक्टरांकडे गेली आणि म्हणाली, "सर, माझ्या हातून चूक झाली." तत्काळ ग्लुकोज सुरू झाले, दर तासाला साखर तपासली गेली आणि रुग्ण सुखरूप राहिला. त्याच्या मुलाला झालेला सर्व प्रकार डॉक्टरांनी त्याच रात्री सांगितला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या टेबलावर तिच्यासाठीचे कारणे दाखवा पत्र टंकलिखित होऊन तयार होते. फक्त सही बाकी होती. मेट्रन आत आल्या आणि त्यांनी शांतपणे एवढेच विचारले, "दोन्ही सिरिंजा एकाच खणात का होत्या?" चौकशी केली तेव्हा साखळी उलगडत गेली. लाल टोपणाच्या सिरिंजा घाऊक खरेदीत स्वस्त पडल्या म्हणून मोठ्या संख्येने घेतल्या होत्या. पुढे १०० युनिटांच्या बाटल्या आल्या, त्या वेगळ्या मागणीपत्रावर. भांडारातून वॉर्डला कोणी कळविले नाही, वॉर्डात जागा नव्हती म्हणून सर्व माल एकाच खणात गेला. दोन्ही मागणीपत्रांवर सही आमची होती.

ते पत्र आम्ही फाडले. हे औदार्य नव्हते. पत्रावर नाव चुकीच्या माणसाचे होते, इतकेच.

नोंदी वाढल्या, म्हणजे चुका वाढल्या काय?

त्यानंतर डॉक्टर, मेट्रन, औषधनिर्माते, भांडारपाल आणि प्रशासन असे पाचजण प्रथमच एका टेबलाभोवती बसले. पुढे या बैठकीत वॉर्डातील मावशी आणि मामा यांनाही स्थान मिळाले, कारण कोणत्या वस्तू कोठे ठेवल्या जातात हे सर्वांत अचूक त्यांनाच ठाऊक असते. खण वेगळे झाले, पगारकपातीचा नियम रद्द झाला आणि 'टळलेल्या चुकांची वही' सुरू झाली. प्रामाणिकपणे सांगितलेल्या चुकीस दंड नाही; मात्र जाणूनबुजून केलेला निष्काळजीपणा अथवा लपवाछपवी यांस क्षमा नाही, असा भेद आम्ही स्पष्ट केला. सौजन्य म्हणजे ढिलाई नव्हे, हे येथे नमूद करणे अगत्याचे आहे.

पहिल्या वर्षअखेर ती वही विश्वस्त मंडळापुढे ठेवली, तेव्हा एका विश्वस्तांनी साहजिक शंका काढली : "नोंदी इतक्या वाढल्या, म्हणजे आपल्या येथे चुका वाढल्या काय?" या प्रश्नाचे उत्तर योगायोगाने परदेशातील एका अभ्यासात मिळते. हार्वर्ड विद्यापीठाच्या एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात अमेरिकेतील रुग्णालयांच्या वॉर्डांतील औषधविषयक चुकांचा अभ्यास केला. ज्या वॉर्डांचे नेतृत्व चांगले, तेथे चुका कमी आढळतील, अशी त्यांची अपेक्षा होती. आढळले ते उलट : चांगल्या नेतृत्वाच्या वॉर्डांत नोंदलेल्या चुका अधिक होत्या. त्यावरून त्यांना असे दिसून आले की तेथील परिचारिका चुका अधिक करीत नव्हत्या, तर त्या मोकळेपणाने सांगत होत्या. अन्यत्र चुका वहीत कमी होत्या, कारण त्या मनात दडून राहात होत्या.

जमाखर्चाच्या भाषेत सांगावयाचे तर, न नोंदलेले देणे म्हणजे फिटलेले देणे नव्हे. ते व्याजासह परत येते. आणि रुग्णालयात ते व्याज रुग्णास फेडावे लागते.

कारखान्याच्या फाटकापासून अपघात विभागापर्यंत

हे तत्त्व केवळ रुग्णालयापुरते नाही. आमचा परिसर उद्योगांवर उभा आहे. अंबरनाथला आगपेट्यांचा विमको कारखाना १९२० च्या दशकात आला. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी बराकींत सिंधी निर्वासित उतरले. त्या वसाहतीस ८ ऑगस्ट १९४९ रोजी चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते उल्हासनगर हे नाव मिळाले आणि सर्वस्व गमावून आलेल्या माणसांनी घराघरांतून धंदे उभे केले. पुढे औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहती अंबरनाथ-बदलापूर परिसरात वाढल्या व त्यांत रसायनांचे कारखाने आले. त्यामुळे भाजलेले कामगार आमच्या अपघात विभागास अपरिचित नाहीत.

अशा वेळी डॉक्टरांचा पहिला प्रश्न एकच असतो : अंगावर काय पडले? रुग्णाचे नाव, कारखान्याचे नाव, पैसे कोण भरणार, हे सर्व नंतरचे. याचे कारण आमच्या डॉक्टरांनी आम्हांस समजावून दिले. बहुतेक आम्ले व क्षार यांवर तत्काळ आणि भरपूर वाहते पाणी, निदान २० मिनिटे, हाच पहिला उपचार. कळीच्या चुन्याची कोरडी भुकटी मात्र आधी झटकून काढावी लागते, मग पाणी. हायड्रोफ्लुओरिक आम्लाची तर गोष्टच वेगळी. सौम्य असेल तर कित्येक तास फारशी वेदनाही होत नाही. परंतु ते आत शिरून शरीरातील कॅल्शियम बांधून टाकते आणि हृदयापर्यंत धोका पोहोचू शकतो. त्यावर पाण्याबरोबरच कॅल्शियम ग्लुकोनेटचा उपचार तातडीने लागतो. तीन पदार्थ, तीन निरनिराळ्या वाटा. आणि जखम पाहून नाव ओळखता येईलच असे नाही.

ते नाव सांगणारा मनुष्य बहुधा मुकादम असतो. काही मुकादम येतात ते खिशात माहितीपत्रक घेऊन. बरोबर येणारा सहकारी काय, कसे, किती वाजता घडले ते धडाधड सांगतो आणि मागोमाग शेठ स्वतः येऊन बाकावर बसतात. काहीजण मात्र "ॲसिड आहे" एवढेच पुटपुटतात. पुढे विचारले की नजर चुकवितात. तो मुकादम दुष्ट असतो असे नाही. पदार्थाचे नाव सांगितले तर परवानगीचा प्रश्न निघेल काय, कामगाराचे नाव विमा योजनेत नोंदलेले नसेल तर काय, शेठ आपल्यालाच जबाबदार धरतील काय, या भीतीने त्याची जीभ जड झालेली असते. त्या भीतीची किंमत बाजूच्या खाटेवरचा मनुष्य चुकवीत असतो.

भोपाळच्या १९८४ च्या दुर्घटनेनंतर १९८७ साली कारखाने अधिनियमात दुरुस्ती झाली. धोक्याची माहिती कामगारांस देणे आणि कामगार व व्यवस्थापन यांची संयुक्त सुरक्षा समिती नेमणे, या गोष्टी त्यायोगे धोकादायक उद्योगांसाठी कायद्यात आल्या. कायदा समिती नेमू शकतो. त्या समितीत कामगाराने तोंड उघडावे, एवढे धैर्य त्यास कायदा देऊ शकत नाही. ते मालकाच्या वागणुकीतूनच यावे लागते.

सहकार्याने काय घडते, हे या परिसराने पाहिलेले आहे. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरात बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली. सुमारे १,०५० प्रवासी सुखरूप बाहेर निघाले. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, नौदल, वायुदल, पोलीस आणि आसपासचे ग्रामस्थ, सर्वांचे हात त्यास लागले. पुराच्या दिवशी जे आपणांस सहज साधते, ते रोजच्या कामात का साधू नये?

किर्लोस्करवाडीचा धडा

महाराष्ट्राच्या उद्योगाच्या इतिहासात याचे उदाहरण शंभर वर्षांहून जुने आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या तांत्रिक शिक्षणसंस्थेत शिकवीत असता त्यांची बढती डावलून ती एका अँग्लो-इंडियन गृहस्थास देण्यात आली. ते नोकरी सोडून बेळगावास परतले. तेथे जम बसत असता नगरपालिकेच्या विस्तारामुळे कारखान्याची जागा सोडावी लागली. तेव्हा औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानात जमीन व अर्थसाहाय्य दिले आणि १९१० साली कुंडल रोड स्थानकाजवळ, खडक व निवडुंग यांनी भरलेल्या माळावर किर्लोस्करवाडी वसली.

आपल्यावर झालेला अन्याय मनुष्य बहुधा हाताखालच्या लोकांवर उतरवितो. लक्ष्मणरावांनी उलट केले. वाडीत अस्पृश्यता पाळावयाची नाही, असा दंडक घातला. आणि शिक्षा भोगून आलेल्या माणसांना रात्रीच्या पहाऱ्याचे काम दिले. ज्यांच्यापासून मालमत्ता राखावयाची असे जग समजत होते, त्यांच्याच हाती ती सोपविली. या विश्वासात भाबडेपणा नव्हता. एकदा चुकलेला मनुष्य कायमचा चुकीचा नसतो, हे ओळखूनच ती व्यवस्था उभी राहिली होती.

आपणांकडून अपेक्षा

आपण दिलेल्या देणग्यांबद्दल संस्था सदैव ऋणी आहे. यंदा मात्र देणगीबरोबर तीन गोष्टी मागत आहोत, ज्यांस खर्च जवळजवळ नाही. आपल्या कारखान्यात वापरल्या जाणाऱ्या रसायनांची यादी, प्रत्येकाच्या माहितीपत्रकासह, फाटकाशी तयार ठेवावी व एक प्रत आमच्या अपघात विभागाकडे द्यावी. जखमी कामगाराबरोबर प्रत्यक्षदर्शी सहकाऱ्यास पाठवावे आणि त्याची त्या दिवसाची मजुरी कापू नये. आणि मुकादमास आजच, अपघात घडण्यापूर्वी, स्वतःच्या तोंडाने सांगावे की रुग्णालयात खरे बोलल्याबद्दल त्यास कधीही बोल लागणार नाही.

त्या रात्रीची परिचारिका आज आमच्याकडे नव्या परिचारिकांना शिकविते. पहिल्या दिवशी ती त्यांच्यासमोर दोन टोपणे ठेवते, एक लाल आणि एक केशरी, आणि स्वतःची चूक स्वतः सांगते. आमच्या ताळेबंदात या ठेवीसाठी रकाना नाही. परंतु संस्थेकडे जे काही आहे, त्यात हिच्याहून सुरक्षित ठेव आम्हांस दुसरी ठाऊक नाही.