शब्दाला हसू या, मुलाला नको

वांद्रे स्थानकाच्या फलकावर एकाच ठिकाणाची दोन रूपे दिसतात : मराठीत वांद्रे, हिंदीत बांद्रा. स्थानकालगतच्या बेहरामपाड्यातील कितीतरी मुले अशीच दोन भाषांत वाढतात. घरात उर्दू-हिंदी, शाळेत मराठीचे पुस्तक. २०२० च्या कायद्याने राज्यातील सर्व माध्यमांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी सक्तीची झाली. मराठी आपल्याला परकी नाही. पण जी भाषा घरात कानावर पडत नाही, ती लहान मुलाला सुरुवातीला परकीच वाटते.

अशा मुलाला व्याकरणापेक्षा हसे होण्याची भीती अधिक छळते. उर्दूत लिंगे दोन, मराठीत तीन. तो डोळा, ती मान, ते नाक! उर्दूच्या सवयीने मूल 'माझी नाक' म्हणते, वर्ग हसतो आणि ते तोंड मिटून घेते. मग चुका थांबतात, पण शिकणेही थांबते. पुढे पोलीस भरतीची लेखी परीक्षा मराठीत, सरकारी कार्यालयातला अर्जही मराठीत. तिथे हे गप्प बसणे महागात पडते.

हेच हसू शिक्षकाला कामी आणता येते. उर्दू आणि मराठीत ऐकायला सारखे, पण अर्थाने वेगळे असे शब्द भरपूर आहेत. 'पिशवी खाली ठेव' म्हटले, तर उर्दू बोलणारे मूल पिशवी रिकामी करू लागेल! उर्दूत 'आई' म्हणजे आली. मग 'आई आली' हे त्याच्या कानाला 'आली आली' असेच वाटणार. उर्दूतला फाजिल विद्वान असतो, मराठीत फाजील म्हणजे प्रमाणाबाहेरचा. राजीनामा उर्दूत समेटाचा कागद, मराठीत नोकरी सोडल्याचा. असे शब्द फळ्यावर समोरासमोर मांडले की वर्ग खळखळून हसतो आणि फरक लक्षात राहतो. शिवाय आपल्या घरचे किती शब्द मराठीत नांदत आहेत, हेही मुलांना कळते. माधव ज्युलियन यांचा १९२५ चा फारसी-मराठी कोश याच नात्याची साक्ष देतो.

मात्र विनोद वेगळा, टिंगल वेगळी. 'मस्करी' हा शब्द मूळ अरबी. सूरह अल-हुजुरातमध्ये (४९:११) दुसऱ्याची खिल्ली उडवण्यास व वाईट नावे ठेवण्यास मनाई आहे. तिथले क्रियापद याच धातूचे आहे. पैगंबर मुहम्मद (स.) थट्टा करीत, पण कुणाला न दुखावता. वाहन मागायला आलेल्या एकाला त्यांनी उंटिणीचे पिल्लू देऊ केले. पिल्लू घेऊन काय करू, असे त्याने गोंधळून विचारताच, प्रत्येक उंट हा उंटिणीचेच पिल्लू असतो, हे त्यांनी लक्षात आणून दिले. गंमत शब्दात होती. माणसाचा मान तसाच राहिला.

हे घरीही जमण्यासारखे आहे. अम्मी-अब्बांनी मुलांबरोबर रोज अशी एक जोडी शोधावी. स्वतःची मराठी चुकली, तर मुलाला ती दुरुस्त करू द्यावी. आम्हाला वाटते, मोठ्यांना आपल्या चुकीवर हसताना पाहिलेले मूल वर्गात बोलायला घाबरणार नाही.