ग्रॅन टुरिस्मो : पडद्यावरची गाडी काय शिकवते, काय शिकवत नाही

विठ्ठलवाडीत आज आपण चक्क एका व्हिडिओ गेमबद्दल बोलणार आहोत. विषय ऐकून काही ज्येष्ठांच्या कपाळाला आठी पडलेली दिसतेय. पडू द्या, ती तासाभरात निघेल अशी आशा आहे.

इथल्या पुष्कळ घरांत टीव्हीला प्लेस्टेशन जोडलेलं असतं आणि मुलगा किंवा नातू त्यावर तासन्‌तास गाडी पळवत असतो. पालक आम्हाला एकच प्रश्न विचारतात : याचा पुढे काही उपयोग होईल, की उद्या हा रस्त्यावरही अशीच गाडी हाणेल? याचं उत्तर नुसतं हो किंवा नाही असं देता येत नाही. त्यासाठी गेमच्या आत काय चाललेलं असतं ते समजून घ्यावं लागतं. उदाहरण म्हणून आपण 'ग्रॅन टुरिस्मो' घेऊ.

हा गेम जपानमध्ये 23 डिसेंबर 1997 रोजी आला. त्याचे कर्ते काझुनोरी यामाउची, आणि पुढे ही मालिका बनवणारी संस्था पॉलिफोनी डिजिटल. तोवर गाड्यांचे बहुतेक गेम म्हणजे बटण दाबा आणि सुटा असा मामला होता. यामाउचींनी नेहमीच्या, शोरूममध्ये मिळणाऱ्या गाड्या गेममध्ये आणल्या आणि प्रत्येकीला तिचं वजन, तिचं इंजिन, तिचा स्वभाव दिला. मालिकेतला 7 हा आकडा नावात असलेला गेम 4 मार्च 2022 रोजी आला. त्यात चारशेहून जास्त गाड्या आहेत. आपल्या ओळखीच्या स्विफ्टची थोरली बहीण, सुझुकी स्विफ्ट स्पोर्ट, तीही त्यात आहे.

आता जमेची बाजू. पहिली गोष्ट, हा गेम वजन शिकवतो. म्हणजे काय? आपण सगळे लोकलचे प्रवासी. कल्याण सुटलं की कसाऱ्याची गाडी शहाडकडे जाते आणि आपली कर्जतची गाडी वळण घेऊन विठ्ठलवाडीकडे येते. त्या वळणावर उभे असलेले सगळे एका बाजूला कलतात. मोटरमनने ब्रेक लावला की सगळे पुढे रेलतात. मोटारीचंही तसंच होतं. ब्रेक दाबला की भार पुढच्या चाकांवर येतो आणि मागची चाकं हलकी होतात. अशा वेळी स्टिअरिंग एकदम फिरवलं तर गाडीचा मागचा भाग सुटू शकतो. गेम हे दर क्षणाला मोजत असतो, आणि खेळणाऱ्या मुलाला ते पुस्तक न उघडता उमगतं.

दुसरी गोष्ट, पकड. एक टायर जेमतेम तळहाताएवढ्या जागेने रस्त्याला टेकलेला असतो. अख्खी गाडी चार तळहातांवर उभी असते म्हणा ना. या चार तळहातांची ताकद ठरलेली आहे. ती 100 धरू. तीच ब्रेकला वापरायची आणि तीच वळायला. ब्रेकसाठी 60 खर्च केली तर वळायला 80 उरते. 60 आणि 80 मिळून 100 कसे, असं गणिताचे सर विचारतील. या दोन ताकदी एकमेकींना काटकोनात असतात, म्हणून इथे पायथागोरस लागतो. पण पूर्ण 100 ब्रेकला दिली तर वळायला शून्य उरते. तुम्ही स्टिअरिंग फिरवत राहता आणि गाडी सरळच जाते. म्हणून शर्यतीत आधी सरळ रेषेत ब्रेक लावायचा आणि मग तो हळूहळू सोडत वळायचं. विठ्ठलवाडी आगारातल्या जुन्या एसटी चालकांना विचारा. वळणाच्या आधी वेग कमी करायचा, घाट उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवायची, हे त्यांना कोणत्याही गेमशिवाय ठाऊक आहे.

तिसरी गोष्ट आम्हाला सगळ्यांत मोलाची वाटते, ती म्हणजे गेममधली लायसन्सची परीक्षा. एकच वळण किंवा एकच ब्रेक, काही सेकंदांचा धडा. कांस्य, रौप्य आणि सुवर्ण अशा तीन पायऱ्या. एक मुलगा तेच वळण पन्नास वेळा घेतो आणि दर वेळी कुठे चुकलं ते स्वतःच शोधतो. गणिताच्या वहीपुढे दहा मिनिटं न बसणारा मुलगा इथे अर्धा तास चिकटून बसतो, हे आम्ही पाहिलंय.

आणि या वाटेने काही जण खऱ्या शर्यतीपर्यंत पोचले. 2008 साली सोनी आणि निसान यांनी 'जीटी अकॅडमी' सुरू केली. गेममध्ये वेगवान ठरलेल्यांना खऱ्या गाडीत बसवून घडवायची ही योजना. पहिला विजेता स्पेनचा लुकास ऑर्दोन्येझ 2011 साली ल मान्सच्या 24 तासांच्या शर्यतीत आपल्या गटात दुसरा आला. वेल्सचा जॅन मार्डनबरो 2013 साली तिथेच आपल्या गटात तिसरा आला. 2014 मध्ये ही स्पर्धा भारतातही आली होती.

आता दुसरी बाजू. याच मार्डनबरोची गोष्ट पुढे नेऊ. मार्च 2015 मध्ये जर्मनीतल्या नूरबुर्गरिंगवर एका चढावर त्याची गाडी हवेत उचलली गेली, कुंपण ओलांडून प्रेक्षकांत पडली, आणि एका प्रेक्षकाचा जीव गेला. हीच नूरबुर्गरिंग, वीस किलोमीटरहून लांब, ग्रॅन टुरिस्मोमध्ये अगदी बारकाव्यांसह आहे. पण तिथे गाडी उडाली तर काय होतं? एक बटण दाबायचं आणि पुन्हा सुरू. गाडीला फार तर ओरखडे दिसतात. कुंपणापलीकडची माणसं चित्रातली असतात.

हा या गेमचा सर्वांत मोठा दोष आहे, आणि गंमत अशी की त्याचं बळही तेच आहे. चूक फुकट आहे म्हणून मुलगा पन्नास वेळा शिकतो, आणि चूक फुकट आहे म्हणूनच चुकीची किंमत मात्र शिकत नाही.

आमच्या घरचंच सांगतो. आमचा भाचा चार वर्षं हा गेम खेळला. अठरा पूर्ण झाल्यावर रीतसर शिकला, लायसन्स काढलं. पहिल्या पावसात कल्याण-बदलापूर रस्त्यावर पुढची रिक्षा प्रवासी घ्यायला अचानक थांबली. याची गाडी रिक्षापासून हातभर अंतरावर थांबली. घरी आला तेव्हा हात थरथरत होते. म्हणाला, "मामा, ब्रेक कसा लावायचा ते मला माहीत होतं. रिक्षा थांबेल हेच माहीत नव्हतं." गेममध्ये समोरून उलट्या दिशेने कोणी येत नाही, कुत्रं आडवं जात नाही, पाण्याखाली खड्डा नसतो.

हे आकड्यांतही बघू. कोरड्या डांबरावर ताशी 40 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी ब्रेक लागल्यावर साधारण 9 मीटरमध्ये थांबते. वेग 80 केला तर 18 मीटर नाही, 36 लागतात. वेग दुप्पट, अंतर चौपट. रस्ता ओला असेल तर तेच 60 मीटरच्या पुढे जातं. शिवाय धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला, तर 80 च्या वेगात आणखी 22 मीटर. गेममध्ये वळण पाठ असतं, म्हणून हा सेकंद कधी मोजावाच लागत नाही.

दुसरा दोष शरीराचा. गाडी सरकतेय हे चालकाला आधी पाठीला आणि कमरेला कळतं, डोळ्यांना नंतर. सोफ्यावर बसलेल्याला ही बातमी मिळत नाही. स्टिअरिंगचं चाक जोडलं तर हातांना थोडी मिळते, पण चांगलं चाक कन्सोलइतकंच महाग पडू शकतं.

तिसरा दोष दुकानदारीचा. 7 आकड्याच्या गेमचा मोठा भाग इंटरनेटशिवाय चालतच नाही. मार्च 2022 मध्ये एका सुधारणेच्या वेळी तो तीस तासांहून जास्त बंद पडला. पैसे मोजलेले लोक बघत बसले. त्याच सुमारास शर्यतींची बक्षिसं कमी केली गेली. गेममधले 20 लाख क्रेडिट्स अमेरिकेत जवळपास 20 डॉलरना विकत मिळत होते, आणि मॅक्लारेन एफ-वन या एका गाडीची किंमत होती 1 कोटी 85 लाख क्रेडिट्स. हिशोब तुम्हीच करा. खेळणारे चिडले, यामाउचींनी माफी मागितली, बक्षिसं पुन्हा वाढवली. पण पालकांनी एवढं ध्यानात ठेवावं की गेम विकत घेतला म्हणजे खर्च संपला असं नाही. कार्डाचा नंबर कन्सोलमध्ये साठवून ठेवू नका.

मग निकाल काय? आमचं मत असं : हा गेम गाडी शिकवतो, रस्ता शिकवत नाही. गाडी म्हणजे वजन, पकड, वेग. रस्ता म्हणजे इतर माणसं. पहिल्यासाठी मुलाला जरूर खेळू द्या. दुसऱ्यासाठी त्याला शेजारी बसवून शहरातून फिरवा आणि विचारत राहा, "आता ती रिक्षा काय करेल? त्या बसच्या पुढून कोण येईल?"

शेवटी एका श्रोत्यांनी विचारलं, "मुलगा सोळाचा आहे. गेम उत्तम खेळतो. सोसायटीबाहेर एक चक्कर मारू द्यायला काय हरकत?"

हरकत आहे, काका. चारचाकीला अठरा वर्षं पूर्ण लागतात. 2019 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी देणाऱ्या पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणीही बारा महिने रद्द होते. पण कायदा बाजूला ठेवला तरी कारण उरतंच. सोसायटीबाहेरच्या त्या चकरेत पुन्हा सुरू करायचं बटण नाही. वेग अनुभवायचाच असेल तर त्याला रीतसर कार्टिंगला न्या. कोल्हापूरला मोहित्यांची कार्टिंगची पट्टी आहे. तिथे हेल्मेट असतं, शिकवणारा असतो, आणि समोरून रिक्षा येत नाही.