गँडाल्फची टोपी घालणारा अमिबा: कवचावरून प्रजाती कशी ओळखतात?

शाळेच्या पुस्तकातला अमिबा आठवतो? ठरावीक आकार नसलेला, सतत पसरणारा ठिपका. पण गोड्या पाण्यातले काही अमिबा स्वतःभोवती घर बांधून राहतात. त्याच घरावरून त्यांची प्रजाती ओळखली जाते.

आत राहणारा जीव ओळखीसाठी फारसा उपयोगाचा नसतो, कारण तो क्षणाक्षणाला बदलतो. कवच मात्र टिकतं, अगदी अमिबा मेल्यानंतरही. म्हणून संशोधक आधी कवच कशाचं आहे ते पाहतात. 'डिफ्लुजिया' वाळूचे कण चिकटवून कवच बनवतो. 'आर्सेला' ते स्वतःच्या शरीरातूनच स्रवतो. ते पिवळसर असतं आणि जुनं होत जाईल तसं तपकिरी होतं. वरून पाहिलं तर मधोमध तोंड असलेलं हे कवच चक्क मेदूवड्यासारखं दिसतं. मग कवचाची उंची, व्यास आणि तोंडाची रुंदी मोजली जाते.

२०१६ मध्ये ब्राझीलच्या संशोधकांनी जाहीर केलेली नवी प्रजाती मात्र बाजूने पाहिल्यावर लगेच लक्षात येते. रुंद काठ आणि वर निमुळता होत गेलेला शंकू, म्हणजे थेट 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधल्या जादूगाराची टोपी! नावही तेच मिळालं: आर्सेला गँडाल्फी. व्यास सुमारे ८१ मायक्रोमीटर, उंची ७१, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या भागापेक्षाही कमी.

पण वेगळा दिसला म्हणून वेगळी प्रजाती, असं म्हणता येतं का? इथेच खरी गोम आहे. अमेरिकी शास्त्रज्ञ एच. एस. जेनिंग्ज यांनी १९१६ मध्ये डिफ्लुजिया कोरोनाच्या पिढ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकाच पूर्वजाच्या वंशजांमध्येही कवचावरच्या काट्यांची संख्या कमीजास्त होती. नुसते काटे मोजले असते, तर एकाच कुटुंबाच्या चार प्रजाती झाल्या असत्या! उलट, सारखी दिसणारी कवचं डीएनए तपासल्यावर वेगळ्या वंशांची निघाल्याचीही उदाहरणं आहेत.

म्हणूनच एका नमुन्यावर भागत नाही. गँडाल्फीची बरीच कवचं मोजली गेली, त्यांच्यात फारसा फरक आढळला नाही, तेव्हा कुठे दावा भक्कम झाला.

एवढा खटाटोप का? सूक्ष्मजीव जगभर सगळीकडे पसरलेले असतात की काहींचा स्वतःचा प्रदेश असतो, हा जुना वाद आहे. अशी ठळक टोपीवाली प्रजाती युरोप-उत्तर अमेरिकेत असती, तर शतकभराहून अधिक काळ तिथलं पाणी तपासणाऱ्यांच्या नजरेतून ती सुटणं कठीण होतं.