कुत्र्याने भाकरी सोडली, तर आधी हात मागे घ्या



या पानावर आम्ही नेहमी बेणे, खोडवा, पाचट आणि पाण्याच्या पाळ्या यांविषयी लिहीत असतो. या वेळी विषय जरा वेगळा आहे. वस्तीवरच्या कुत्र्याने खाणे सोडले तर काय करावे, एवढाच तो विषय. वाचून काही जण हसतील. ‘साहेबाला उसाचं काम उरलं नाही वाटतं,’ असेही म्हणतील. खुशाल म्हणावे, पण लेख शेवटपर्यंत वाचावा. कारण या बाबतीत आम्ही स्वतः एक मोठी चूक केली आहे आणि ती आमच्या जिवावर बेतता बेतता राहिली.

उसाच्या वस्तीवर कुत्र्याशिवाय भागत नाही, हे आपणांस सांगायला नको. रात्री दारे धरायला गेलेल्या माणसाला सोबत त्याचीच. रानडुक्कर उसात शिरले की पहिली हाक तोच देतो. दिवसाला अर्धी-चतकोर भाकरी खाऊन बारा महिने राखण करणारा असा गडी दुसरा नाही. म्हणूनच त्याने भाकरी सोडली की घरातल्या बाईमाणसापासून पोरापर्यंत सर्वांचा जीव तुटतो, आणि नेमकी तिथेच चूक होते.

मोत्याची हकीकत

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. हंगाम ऐन भरात होता. पाचोड गटाच्या कार्यालयापाशी मोत्या नावाचा एक कुत्रा असे. कोणाचा म्हणून नव्हता, सगळ्यांचाच होता. स्लिपबॉयच्या डब्यातली भाकरी खायची आणि रात्री मोटारसायकली राखायच्या, हे त्याचे काम. एका सकाळी त्याने भाकरी हुंगली आणि तोंड फिरवले. आम्ही म्हटले, कुठेतरी मटणाचे हात मारून आला असेल. दुसऱ्या दिवशी त्याच्या तोंडातून लाळ गळू लागली. जबडा अर्धवट उघडाच राही. भुंकायला गेला तर आवाज घोगरा, घसा बसल्यासारखा. जमलेल्या सगळ्यांचे एकच मत पडले: घशात हाड अडकले.

मग काय, आम्हीच पुढे झालो. शेतकी डिप्लोमा झालेला माणूस, जनावरांचे थोडेफार कळते, असा आमचा समज. स्लिपबॉयने मोत्याला मांडीत धरले, आम्ही बॅटरीच्या उजेडात तोंड उघडून घशापर्यंत बोटे घातली. हाड काही सापडले नाही. तो पाण्याकडे गेला आणि पाणी चाटू लागला, तेव्हा कोणीतरी म्हणाले, ‘पाण्याला भीत नाही, म्हणजे पिसाळलेला नाही.’ आम्हालाही ते पटले. हात धोतराला पुसावेत तसे पँटला पुसले आणि फडावर निघून गेलो.

सायंकाळी पशुवैद्यक डॉक्टर आले. ते मोत्यापासून चार हात लांबच थांबले. त्यांनी पहिला प्रश्न कुत्र्याविषयी केलाच नाही. विचारले, ‘याच्या तोंडात हात कोणी घातला?’ आम्ही हात पुढे केला. उसाच्या पातीने बोटांना आठ-दहा चिरा गेलेल्या. हंगामात कोणाच्या हाताला नसतात? डॉक्टरांचा चेहराच उतरला. ‘आत्ताच्या आत्ता साबण लावून वाहत्या पाण्यात हात धुवा आणि दवाखाना गाठा,’ एवढेच ते बोलले.

मोत्याला साखळीने बांधून बंद खोलीत ठेवले. तिसऱ्या दिवशी तो गेला. मेंदूचा नमुना तपासणीला गेला आणि मोत्या पिसाळलेलाच होता असा निकाल आला. दीड-दोन महिन्यांपूर्वी ओढ्याकाठी एका परक्या कुत्र्याशी त्याची झटापट झाली होती, ते तेव्हा सगळ्यांना आठवले. आम्ही व स्लिपबॉय, दोघांनीही लसीचे सर्व डोस घेतले. आमच्या बोटांवरच्या चिरांमध्ये वेगळे सिरमही टोचावे लागले. त्या महिन्यात घरच्या मंडळींच्या डोळ्याला डोळा नव्हता. आज आम्ही हा लेख लिहीत आहोत तो त्या डॉक्टरांच्या एका प्रश्नामुळे.

काय समजून घ्यावे

पिसाळलेले कुत्रे म्हटले की अंगावर धावून येणारे, दिसेल त्याला चावणारे कुत्रे आपल्या डोळ्यांपुढे येते. परंतु काही कुत्री पिसाळली तरी मुकाट पडून राहतात. त्यांचा जबडा व घसा लुळा पडतो, म्हणून ती खात नाहीत, लाळ गळते, आवाज बदलतो. पाहणाऱ्याला वाटते की काहीतरी अडकले. कुत्र्याने चावा घेतला नाही तरी त्याची लाळ चिरेवर, खरचटलेल्या कातडीवर किंवा डोळ्यांत-तोंडात गेली तर तीही तितकीच घातक. लक्षणे दिसण्याच्या काही दिवस आधीपासूनच लाळेत विष असते, हेही ध्यानात ठेवावे.

दुसरी गोष्ट पाण्याची. पाण्याची भीती हे मुख्यतः माणसातले लक्षण आहे. पिसाळलेले कुत्रे पाण्यापाशी जाऊ शकते, चाटूही शकते. सबब ‘पाणी पितो म्हणजे चांगला’ ही कसोटी आजपासून सोडून द्यावी.

तिसरी गोष्ट बैल-गायींची. त्यांनाही हा रोग होतो. चारा सोडलेल्या, लाळ गाळणाऱ्या आणि विचित्र हंबरणाऱ्या जनावराच्या घशात हात घालण्याची आपल्याकडे सवय आहे. तीही मोडली पाहिजे.

एकदा लक्षणे सुरू झाली की या रोगावर माणसातही खात्रीचा उपाय नाही. पण त्याआधी वेळेवर लस घेतली तर जीव वाचतो. पाश्चर यांनी १८८५ साली फ्रान्समध्ये जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला ही लस प्रथम टोचली, तेव्हापासून हे सिद्ध झालेले आहे. आपल्यातील वडीलधाऱ्यांना पोटात घ्यायची चौदा इंजेक्शने आठवत असतील. त्या धास्तीने आजही काही जण दवाखान्याचे नाव काढत नाहीत. ती मेंढीच्या मेंदूपासून केलेली जुनी लस आपल्या देशात २००४ च्या अखेरीस बंद झाली. आता इंजेक्शन दंडात होते. दवाखान्याच्या पद्धतीप्रमाणे चार किंवा पाच खेपा होतात, पहिली त्याच दिवशी आणि शेवटची अठ्ठाविसाव्या दिवशी. सरकारी दवाखान्यात लस मोफत मिळते. आपल्या भागातील सभासदांना पाचोडचे ग्रामीण रुग्णालय जवळ आहे.

लाळ लागली किंवा दात लागला तर प्रथम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे जखम धुवावी. विहिरीवरचा पंप चालू असेल तर त्याच्या धारेखाली धरावी. मिरची, चुना, तेल, हळद काहीही लावू नये. पट्टी घट्ट बांधू नये. ‘दहा दिवस कुत्र्याकडे लक्ष ठेवू आणि मग ठरवू’ असे म्हणून लस लांबणीवर टाकू नये. लस सुरू करावी आणि लक्षही ठेवावे.

मग प्रत्येक वेळी पिसाळच समजावी काय?

मुळीच नाही. बहुतेक वेळा कारण साधे असते. उन्हाळ्यात कुत्रे कमी खाते. माजावर आलेली किंवा विण्याच्या बेतात असलेली कुत्री एखादा दिवस खात नाही. नर गावभर हिंडत असेल तर त्याला भाकरीची आठवणच नसते. शेजारच्या वस्तीवर जेवणावळ झाली असेल तर पोट तिथेच भरलेले असते. अशा वेळी कुत्रे ताजेतवाने असेल, शेपूट हलवीत असेल, पाणी पीत असेल आणि लाळ, आवाज, चाल यांत फरक नसेल, तर एक दिवस थांबायला हरकत नाही. दुसऱ्या दिवशीही खाल्ले नाही तर मात्र डॉक्टरला दाखवावे.

लहान पिल्लाच्या बाबतीत एक दिवसही थांबू नये. पिल्लाने खाणे सोडले, उलट्या सुरू झाल्या आणि घाण वासाची रक्ताची हगवण लागली, तर तो बहुधा पार्व्हो रोग असतो. त्यात अंगातले पाणी झपाट्याने कमी होऊन पिल्लू दोन-तीन दिवसांत हातचे जाते. सलाईन वेळेवर मिळाले तर वाचू शकते.

उसाच्या शेताशी संबंध असलेली आणखी तीन कारणे सांगतो.

पहिले, गोचीड. कानात आणि बोटांच्या बेचक्यात गोचीड भरले की त्यांच्यामार्फत रक्तात ताप शिरतो. कुत्रे मलूल होते, खात नाही, कधी नाकातून रक्त येते. आमच्या एका सभासदाच्या कुत्रीचे हेच झाले होते. चार दिवस घरच्यांना वाटले दृष्ट लागली. डॉक्टरांच्या गोळ्यांनी तिसऱ्या दिवशी तिने भाकरी मागितली. कुत्र्याचे अंग मुळातच माणसापेक्षा गरम असते, १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइटपर्यंत. तेव्हा नुसता हात लावून ताप ठरवू नये.

दुसरे, विष. उंदरांसाठी उसात ठेवलेले झिंक फॉस्फाइडचे आमिष कुत्र्याने खाल्ले, किंवा त्याने मेलेला उंदीर खाल्ला, तरी विषबाधा होते. फोरेट या दाणेदार औषधावर २०२० च्या अखेरीपासून बंदी आहे, तरीही कोणाच्या माळ्यावर जुना पुडा पडलेला असू शकतो. लाळ, उलट्या, थरथर, झटके अशी लक्षणे अचानक दिसली तर दूध, तूप, तेल काही न पाजता औषधाचा पुडा घेऊन डॉक्टरकडे जावे. आणि मेलेले उंदीर बांधावर फेकू नयेत, खोल पुरावेत.

तिसरे, उंदरांच्या लघवीतून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस. यात कुत्रे खात नाही, डोळे पिवळे होतात. ओल्या शेतात अनवाणी दारे धरणाऱ्या माणसालाही तो होतो. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमध्ये इंगहॅम गावच्या परिसरात १९३३-३४ साली ऊसतोड कामगारांत या रोगाची साथ आली होती. उंदीर हटविण्यासाठी ऊस पेटवून मग तोडावा, या मागणीसाठी तिथे संपही झाले. (म्हणून आपण फड पेटवावा असे नव्हे, बरं का! पाचट कुजविण्याचा आमचा आग्रह कायम आहे.) आजारी कुत्र्याची लघवी उघड्या पायाने तुडवू नये, आणि घरात कोणाला त्याच सुमारास ताप आला तर कुत्र्याच्या आजाराची गोष्ट डॉक्टरला अवश्य सांगावी.

खायला कसे घालावे?

डॉक्टरने पाहून पिसाळ नाही असे सांगितल्यावरच हा प्रश्न येतो. नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन कुत्र्यामागे धावले, ही गोष्ट आपण कीर्तनातून ऐकत आलो. माया तशीच असावी. पण आजारी कुत्र्यामागे मात्र धावू नये. वाटी ठेवून आपण बाजूला व्हावे. जबडा उघडून भाकरी कोंबली तर घास श्वासनळीत जातो आणि न्यूमोनिया होतो.

भाताची पातळ पेज, त्यात उकडलेल्या कोंबडीचे बिनमिठाचे, बिनमसाल्याचे पाणी घालून कोमट द्यावी. कोमट अन्नाला वास सुटतो आणि वासानेच कुत्र्याची भूक जागी होते. एकदम पातेलेभर न ठेवता दिवसातून चार वेळा दोन-दोन घास ठेवावेत. अर्ध्या तासात खाल्ले नाही तर उचलून घ्यावे. पाणी मात्र सतत जवळ असावे. मोठ्या कुत्र्याला दुधाने हगवण लागू शकते. कांदा घातलेला रस्सा, शिजलेली कोंबडीची हाडे, चॉकलेट आणि मनुके देऊ नयेत. तापासाठी किंवा अंगदुखीसाठी घरात असलेली माणसांची गोळी तर अजिबात नको. तिने कुत्र्याचे यकृत किंवा मूत्रपिंड बिघडते.

शेवटचे दोन शब्द

गेल्या हंगामाअखेर तोडणीची एक टोळी गावी गेली आणि तिच्याबरोबर आलेले एक कुत्रे मागे राहिले. रिकाम्या कोपीच्या थंड चुलीपाशी ते तीन दिवस पडून होते. भाकरीला तोंड लावीना. या वेळी आम्ही लांबच उभे राहिलो आणि प्रथम डॉक्टरांना बोलावले. त्यांनी नीट तपासून सांगितले, ‘याला रोग नाही. याची माणसं गेलीत.’ वस्तीवरच्या एक आजी रोज संध्याकाळी चुलीपाशी पेजेची वाटी ठेवून जराशा अंतरावर बसत. तिसऱ्या संध्याकाळी त्याने वाटी चाटून पुसून ठेवली. आता ते त्यांच्याच दारात असते.

सभासद बंधू-भगिनींना आमची नम्र विनंती एकच. आपल्या कुत्र्याला तिसऱ्या महिन्यात पिसाळीची लस द्यावी आणि पुढे डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे दरवर्षी द्यावी. लागणीचा महिना जसा डायरीत लिहून ठेवता, तसाच हाही लिहावा. मोत्या सगळ्यांचा होता, म्हणून त्याची लस कोणीच दिली नव्हती. आपल्या गट कार्यालयापाशी, फडावर, वजनकाट्याजवळ अशी ‘सगळ्यांची’ कुत्री आजही आहेत. त्यांची लस कोणी द्यायची, हे प्रत्येक गटाने या हंगामाआधी बसून ठरवावे. पाचोड गटाचे आम्ही ठरविले आहे.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग