बंदोबस्ताच्या अहवालातलं गाव

आकड्यांची पुस्तकं आम्हा कवींना कोरडी वाटतात. मेजर ल्युसी स्मिथ यांचा चांदा जिल्ह्याच्या जमीनबंदोबस्ताचा १८६९ चा अहवाल मीही तसाच, नाइलाजाने उघडला होता. सारा, पिकं, परगणे… आणि मध्येच गोंड राजांची अख्खी वंशावळ! त्यातल्या सनावळीवर पुढच्या अभ्यासकांनी शंका घेतल्या, पण चांद्याचा इतिहास लिहिणाऱ्या प्रत्येकाला या अहवालाशी झुंजावं लागलं. तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात आजच्या गडचिरोलीचा बराच भागही होता. ती वेगळी झाली १९८२ मध्ये.

अशी पुस्तकं अभ्यासकांसाठी, असंच आपण समजत होतो. पण २००६ चा वनहक्क कायदा आला आणि २००८ च्या नियमांनी पुराव्यांची यादी दिली. त्यात गॅझेटियर, जनगणना, बंदोबस्ताचे अहवाल, नकाशे आहेत. त्याच यादीत जुन्या विहिरी, दफनभूमी, देवस्थानं आहेत आणि दावेदार नसलेल्या वृद्धांचं लिहून घेतलेलं निवेदनही आहे. म्हणजे साहेबाचा अहवाल आणि मोहाखाली बसलेल्या म्हाताऱ्याची आठवण एकाच रांगेत. मला तर ही कायद्यातली कविताच वाटली.

आपल्याकडे निस्तारपत्रकही होतं. जळाऊ लाकूड, बांबू, चराई यांवर गावाचा कोणता हक्क, हे त्यात नोंदलेलं असे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. मिलिंद बोकील यांचं ‘गोष्ट मेंढा गावाची’ (२०१२) जरूर वाचा. सर्वसहमतीने निर्णय घेणारं, अभ्यासगट चालवणारं गाव त्यात भेटतं. राणी बंग यांच्या ‘गोईण’मध्ये गडचिरोलीच्या बाया झाडांविषयी बोलतात. गोईण म्हणजे मैत्रीण. खरं सांगायचं तर या सगळ्यांत मला तेच जवळचं. कोणत्या झाडाचं काय कामाला येतं, हे बंदोबस्ताच्या साहेबाने त्या बायांना कुठे विचारलं असतं?

दाव्यासाठी एकापेक्षा जास्त पुरावे लागतात. अहवाल ग्रंथालयात टिकतो, म्हातारा टिकत नाही. म्हणून गावातल्या शिकलेल्या पोरांनी एक वही करावी. जुनी वस्ती कुठे होती, देवराई कोणती, मोहफुलं कोणत्या भागातून आणत, ते विचारावं. सांगणारा गोंडीत किंवा माडियात बोलत असेल तर त्याचे शब्द तसेच देवनागरीत उतरवावेत, शेजारी मराठी द्यावं. त्याला वाचून दाखवावं. मग खाली तारीख, गावाचं नाव आणि त्याचा अंगठा.