मूल गप्प आहे, पण त्याला कळते

परवा सिंदेवाहीकडची एक बाई 5 वर्षांच्या मुलाला घेऊन आली. "हाक मारली तं पाहत नाही जी, बहिरा हाये का?" तेवढ्यात रस्त्यावर एसटीचा हॉर्न वाजला. पोराने दोन्ही कान गच्च दाबून घेतले.

ही स्वमग्नता असावी. डॉ. लिओ कॅनर यांनी 1943 साली तिचे वर्णन केले. असे मूल नजर टाळते, हात झटकते. लोक त्याला वेडे ठरवून अंगारे-धुपारे करतात. आतून मात्र आवाज, उजेड, गर्दी त्याला असह्य होत असते. बोलत नाही म्हणजे समजत नाही, असे नव्हे. टेम्पल ग्रँडिन साडेतीन वर्षांपर्यंत बोलत नव्हत्या. पुढे अमेरिकेत पशुविज्ञानाच्या प्राध्यापक झाल्या.

पूर्वी अशाच एका आईला मी "बोलेल उशिरा" म्हणून परत पाठवले होते. त्या मुलाची मोलाची वर्षे वाया गेली. ती चूक माझी.

वाचकहो, अशा मुलाला मारू नका. आईलाही दोष देऊ नका. कानाची तपासणी करा, जिल्हा रुग्णालयात दाखवा. 2016 च्या दिव्यांग कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे. आणि त्याच्यादेखत त्याच्याविषयी वाईट बोलू नका. ते ऐकत असते.